आम्लाने विसळलेला फ्लास्क

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी प्रवेश घेतला तेव्हा माझी तिशी उलटली होती. नारायण पेठेतून कॉलेजपर्यंत चालत जाताना कोणी ओळखीचे भेटू नये, असे वाटे. प्रयोगशाळेत शेजारी उभी राहणारी मुलगी मला काकू म्हणे. प्रॅक्टिकलला नापास म्हणजे सारे वर्ष नापास, आणि घरच्यांकडे आणखी एक वर्ष मागण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

परीक्षेत प्रत्येकीला बाटलीत मोजकेच आम्ल मिळाले. त्यातले दहा मिलिलिटर पिपेटने फ्लास्कमध्ये घ्यायचे, वरून ब्युरेटमधील अल्कली थेंबथेंब सोडायची आणि फिकट गुलाबी रंग टिकला की किती अल्कली लागली तो आकडा टिपायचा. असे तीनदा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे यावेत, ही अपेक्षा. खरे उत्तर परीक्षकांजवळच्या चिठ्ठीवर असे; त्यापासून जितके दूर, तितके गुण कमी.

पिपेट आम्लाने विसळतात, तसा मी दर वेळी फ्लास्कही आम्लानेच खळखळून विसळला. पहिला आकडा आला ११.३, दुसरा १०.६. तेव्हा कुठे आठवले, की फ्लास्क नुसत्या पाण्याने धुवायचा असतो; आत चिकटलेले आम्ल मोजलेल्या दहात भर घालते. बाटलीत आता जेमतेम एका पिपेटपुरते आम्ल उरले होते.

"काकू, मधला आकडा धरा आणि तीनदा लिहून टाका," शेजारीण पुटपुटली. "मागच्या टेबलावर बघा, चौघींचे आकडे जुळी भावंडं झालेत."

मी पेन उचललेही. तेवढ्यात परीक्षक मागे येऊन उभे राहिले.

"काय बाई, उत्तर प्रसन्न होण्याची वाट बघताय?"

काय झाले ते मी कसेबसे सांगितले.

"फ्लास्क आम्लानं विसळलात? छान. घरी कप चहानं विसळता का?"

शेजारीण फिस्सकन हसली. माझे डोळे भरून आले. परीक्षक आवाज उतरवून म्हणाले, "यानं आकडा वाढेल की कमी होईल?"

"वाढेल, सर. आणि दर वेळी वेगळा येईल. आत किती राहिलं, ते आपल्या हातात नसतं."

त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली.

"तीनऐवजी एकच रीडिंग, म्हणजे निम्मेच गुण. नियम मला बदलता येत नाही."

"चालेल, सर."

"मग उभ्या काय राहिलात? धुवा. पाण्यानं!"

उत्तरपत्रिका गोळा करत आलेल्या शिपायाला त्यांनी खुणेनेच मागच्या टेबलाकडे वळवले. मी फ्लास्क पाण्याने धुतला आणि उरलेले आम्ल पिपेटने त्यात घेतले. शेवटी अल्कलीचा एकेकच थेंब सोडला. ९.८. आधीचे दोन आकडे खोडले नाहीत. त्यांच्यापुढे काय चुकले ते लिहिले.

निकालात प्रॅक्टिकलला मला उत्तीर्ण होण्यापुरत्या गुणांहून दोनच अधिक होते. ते मी पुन्हा पुन्हा वाचले आणि त्याच दुपारी दुसऱ्या वर्षाचा अर्ज घेण्यासाठी रांगेत उभी राहिले.