कर्नलपाशी बसवलेलं देवक

१९९८ साल. मी त्रेपन्न वर्षांचा. सुरतेतल्या उधन्यात एका लूमखात्यात मास्तर होतो, म्हणजे बिघडलेला माग चालता करणारा. शिक्षण चौथी, तेही रडतखडत. पण माझ्या शब्दावर शेठने एका मागाची नक्षी कॉम्प्युटरवर चालवायला घेतली होती. तो जोडला होता माझ्या धाकट्या लेकीने. आमच्या लिंबायतच्या गल्लीत हे मी न विचारता सांगत असे.

माग चाले झकास. पण नवी नक्षी घालायची तर तिने लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरकडून माग हाकणारा प्रोग्राम, काढून पुन्हा चढवावा लागे, आणि तेवढ्यात कधीकधी सगळा कॉम्प्युटरच गोठे. मग विणकर म्हणायचे, "मास्तर, तुमचा डायवर परत झोपला. त्याला चहा पाजा!"

शेवटी शेठ म्हणाला, "मास्तर, काले सवारे बघतो. अटकलं तर कॉम्प्युटर घरी घेऊन जा. नक्षीचे आपले जुने भोकांचे पत्तेच बरे."

घरी येऊन बघतो तर लेकीने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो अख्खा प्रोग्राम मोडायला घेतलेला.

"चाली राह्यनं ना? मग हात नको लाऊ!" मी ओरडलो. "उद्या शेठ येणार, आणि तू आज उकलत बसलीस?"

"आबा, चालतंय ते तसंच ठेवते. घाण आहे ती काढते. मागाचा वेग, धाग्याचा ताण, थांबवायची कळ, एकेक गोष्ट मी कर्नलपाशी वेगवेगळी नोंदवलीय, सुचेल तिथे."

"कर्नल? फौजेतला?"

"कॉम्प्युटरचा, आतला मुख्य प्रोग्राम. पण हुकूम ह्याचाही चालतो. ड्रायव्हर निघून जातो, आणि त्याच्या दोन-तीन नोंदी काढायच्या राहून जातात. मग कोणी त्या बघायला गेलं की आत धनीच नाही. कॉम्प्युटर गोठतो."

"मग त्या दोन-तीन काढ. बाकीचं कशाला उपसतेस?"

तिने हात थांबवला. "ताईच्या लग्नात देवक उठवायच्या आधी मांडव सोडायला कोण निघालं होतं?"

चुलीपाशी बायको फिसकन हसली. "दोऱ्या सोडल्या व्हत्या यांनी! मी धावत आली म्हणून."

"तसंच आहे, आबा. मी देवक दहा कोपऱ्यांत बसवलंय. आज दोन सापडतील, उद्या तिसरं राहील. आता सगळं एका पाटावर मांडते. बसवायचं एकदम, उठवायचं एकदम. मधेच एखादं बसलं नाही, तर आधी बसलेलीही उठवायची. मग मांडव सोडायचा."

मी म्हणालो, "बिघडलं तर शेठपुढे मी उभा राहणार, तू नाही."

"म्हणून तर करतेय," ती म्हणाली.

काम संपवून तिने ते फ्लॉपीवर घेतलं, तेव्हा तिला म्हटलं, "काढायच्या-चढवायच्या कळा मला दाखव." इंग्रजी मला येत नाही. कुठल्या कळेनंतर कुठली, ते बोटालाच पाठ करवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने खात्यातल्या कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम घातला, तोवर शेठ आला. लेक खुर्चीकडे निघाली, तिला मी बाजूला केलं आणि स्वतः बसलो. विणकर माग सोडून भोवती जमले. एका बोटाने ड्रायव्हर काढला, चढवला. परत काढला, परत चढवला. तसंच करत राहिलो; कॉम्प्युटर एकदाही गोठला नाही. शेठ हसायला लागला, "बस, मास्तर, बस! राहू दे कॉम्प्युटर."

मी आणखी एकदा काढला, चढवला, आणि मग माग चालू केला.