आवाज बंद करून पाहिलेला साखरपुडा

"मग तोताराम भाऊला काय सांगू? आमच्या बाईने टीव्हीत पाहून जावई नापास केला, असं?" नवलने रिमोटसाठी हात पुढे केला. रत्नाने रिमोट पदराखाली घेतला.

"टीव्हीत नाही. आपल्याच साखरपुड्यात."

"तेच ते."

"आन् आवाज तरी लाव ना माय," दिवाणावर तुरीच्या शेंगा सोलत बसलेली भिकुबाई म्हणाली. "त्या शूटिंगवाल्या पोराने गाणे किती चांगले टाकले. तू मुक्यावानी काय पाहू ऱ्हायली?"

भिकुबाई ही नवलची आई. घरात आणि गल्लीतही सगळे तिला अक्का म्हणत. तिचं कोणी ऐको न ऐको, बोलायची ती थांबत नसे.

पडद्यावर चित्र थांबवलेलं होतं. मधोमध मोरपंखी शालूतली भाविका, रत्ना-नवलची एकुलती एक मुलगी. शेजारी नवरामुलगा प्रेमराज, तोताराम भाऊने आणलेलं साक्रीचं स्थळ, ठिबकच्या नळ्यांचं स्वतःचं दुकान असलेला. डोक्यावरचा फेटा सारखा करायला त्याने हात वर उचललेला. आणि डाव्या कडेला, अर्धी चित्रात आणि अर्धी बाहेर, त्याची आई पुनाबाई. तिचे डोळे गच्च मिटलेले होते आणि एक खांदा कानापर्यंत वर गेला होता.

"डोळ्यात कचरा गेला असेल तिच्या," नवल म्हणाला. "नाहीतर फ्लॅश पडला असेल."

"फ्लॅश सगळ्यांवर पडतो. डोळे एकटीनेच मिटले."

"एका डोळे मिटण्यावरून लग्न मोडायचं? अर्धं असोदा गाव जेवून गेलंय आपल्या दारात."

"मोडायचं म्हणाले का मी? तोताराम भाऊ संध्याकाळी लग्नाची तारीख घेऊन येतील, ती आज धरू नका, एवढंच म्हणते."

स्वयंपाकघराच्या दारात भाविका उभी होती. जळगावच्या मेडिकल दुकानातून ती आज अर्धी सुट्टी घेऊन आली होती. रडली नव्हती, पण नाक लाल झालं होतं.

"मम्मी, तुला अभ्यासाला माझाच साखरपुडा सापडला का?"

खरोखर तसंच झालं होतं.

रत्ना बारावीची परीक्षा देऊन निकालाआधीच असोद्याला नांदायला आली होती. केळीचा मळा, नवलचं मोटारी दुरुस्तीचं दुकान, अक्का, मग भाविका. मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं ते चुलीशेजारी पुस्तक ठेवून. एम.ए.चा अर्ज मात्र भाविकानेच आणला. आईला स्कूटीवर मागे बसवून तिने जळगावच्या कॉलेजच्या फाटकात नेऊन सोडलं आणि म्हणाली, "आता पळून येऊ नको." रत्ना पळून आली नाही, पण पहिला महिनाभर ती रोज पळून येण्याच्याच बेतात असे. वर्गातल्या मुली तिला मावशी म्हणत. शिपायाने तर पालक समजून तिला ऑफिसात नेऊन बसवलं होतं.

साहित्य आणि चित्रपट कसे वाचायचे, असा एक पेपर होता. तो अफिफा मॅडम शिकवत. पहिल्याच तासाला त्यांनी एक गोष्ट वाचून दाखवली आणि रत्नाकडे बोट करून विचारलं, ही गोष्ट कोण सांगतंय? रत्ना म्हणाली, लेखक. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत.

"लेखकाने कोणाला बोलायला बसवलंय, ते पाहा. तो कुठे उभा राहून बोलतोय? आणि त्याला काय सांगायचं नाहीये, ते शोधा."

त्या दिवशी घरी येताना बसमध्ये शेजारची बाई सुनेच्या कागाळ्या सांगत होती. रत्ना हं हं करत होती आणि मनात म्हणत होती, बाई, तुला काय सांगायचं नाहीये? तिचं तिलाच हसू आलं. मग थोडी भीतीही वाटली. ही सवय लागली तर घरात राहायचं कसं?

पुढे चित्रपट आला. मॅडम पडद्यावर एक प्रसंग लावत आणि आवाज बंद करत. "आवाज आपल्याला सांगत असतो, इथे हसा, इथे रडा. तो काढून घेतला की डोळ्यांना काम करावं लागतं. आधी मध्यभागी पाहा. मग कडा पाहा. मग नुसते हात पाहा. काही दिसलं तर लगेच नाचू नका. एकदा दिसलं तर योगायोग असेल. पुन्हा दिसलं तर लक्ष द्या. आणि तुमचं म्हणणं खोटं पाडणारं काही आहे का, ते तुम्हीच आधी शोधा."

हाच अभ्यास घरी करायला दिला तेव्हा मॅडम म्हणाल्या, कुठलंही चालतं चित्र घ्या. मुलींनी मोबाइलवरचे सिनेमे घेतले. रत्नाला 'कुठलंही' म्हणजे खरंच कुठलंही वाटलं. तिने कपाटातून साखरपुड्याचा पेनड्राइव्ह काढला. यातली माणसं तरी आपल्याला ओळखू येतील, हा हिशेब.

दुपारी घरात कोणी नसताना तिने तो लावला. मध्यभागी भाविका होती. पोरगी छान दिसत होती, रत्नाचा जीव सुखावला. मग कडा पाहिल्या. कडेला सगळीकडे तिची स्वतःची पाठच होती, ताटं नेणारी, ताटं आणणारी. मुलीच्या साखरपुड्यात आईचं तोंड एकदाच दिसलं, तेही भज्यांच्या परातीमागे. तिला पुन्हा हसू आलं.

मग तिने हात पाहिले.

प्रेमराजने फेट्याला हात लावला आणि कडेला उभ्या पुनाबाईंचा खांदा वर गेला. पुढे भाविकाला पेढा भरवायला त्याने हात उचलला, तेव्हा मागे उभ्या पुनाबाईंनी मान आत ओढून घेतली. पुढे त्याने शूटिंगवाल्याला बोलवायला हात वर केला. त्या वेळी पुनाबाई कोणाशी तरी हसत बोलत होत्या. हसणं तसंच तोंडावर राहिलं आणि बाई पाऊलभर मागे सरकली. मागे खुर्ची होती, तिला अडखळली.

रत्नाने मॅडमनी सांगितलं तसं आपलं म्हणणं खोटं पाडायला घेतलं. मनापासून घेतलं. भटजींनी अक्षता टाकायला हात वर केला, पुनाबाई स्वस्थ. तोताराम भाऊ दोन्ही हात हवेत उडवत गप्पा मारत होता, पुनाबाई स्वस्थ. नवलने तर त्यांच्या अगदी डोक्यावरून हात घालून सुटलेली माळ बांधली. बाई दगडासारखी उभी. बाकी कोणाच्या हाताला ती भीत नव्हती. फक्त मुलाच्या.

तिने टीव्ही बंद केला आणि उगाचच दाराची कडी लावून आली. आपण म्हणतो ते खरं असेल, याची भीती होतीच. ते खोटं असेल तर, याची भीती त्याहून वेगळी होती. शिकून बाईचं डोकं फिरलं, असं गाव म्हणेल, आणि कदाचित ते खरंही असेल. त्या दिवशी तिला भाकरी थापता येईना, काठ फाटत होते.

मॅडमना तिने आडून विचारलं, एका चित्रफितीत एक बाई अशी दिसते. मॅडमनी हातातलं पुस्तक मिटलं.

"रत्नाताई, बाई घाबरली आहे हे चित्र दाखवतं. का घाबरली, ते चित्र सांगत नाही. तिथे आपला विषय संपतो. पुढचं माणसालाच विचारावं लागतं."

म्हणून बसस्टँडच्या बाकावर बसून तिने साक्रीला फोन लावला. "बोला विहीणबाई," पुनाबाई गोड बोलल्या. रत्नाने तब्येत विचारली, पाऊसपाणी विचारलं, आणि मग जीभ रेटून विचारलं, "प्रेमरावांना राग लवकर येतो का हो?"

पलीकडे मोटरसायकल थांबल्याचा आवाज. आणि लगेच पुनाबाईंचा मोठा, आनंदी आवाज: "हां हां, साड्या बठ्ठ्या चांगल्या शेतस! बठ्ठ्या! ठेवस मी."

सगळ्या साड्या चांगल्या आहेत म्हणे! रत्नाने तर साड्यांचं नावही काढलं नव्हतं. असोद्याची बस समोरून निघून गेली, ती तशीच बसून राहिली.

हे सगळं आज तिने नवलला सांगितलं होतं, त्यावरूनच तर भांडण पेटलं होतं.

"बाईला ऐकायला कमी येत असेल," नवल आता म्हणाला. पण आवाज मघाइतका चढा नव्हता. "तोताराम भाऊ त्या पोराला लहानपणापासून ओळखतो. म्हणतो, गरीब गाय आहे."

"तोताराम भाऊ कुठे उभे राहून म्हणतात ते? त्यांची पोरगी प्रेमराजच्या मामाकडे द्यायचं चाललंय. हे स्थळ मोडलं तर ते राहील का?"

"कॉलेजचं घरात आणू नको."

"घरातलंच कॉलेजात नेलं होतं मी."

"बापाच्या घरी सगळ्याच पोरी राण्या ऱ्हातात," अक्का शेंगा बाजूला सारत म्हणाली. "पुरुष मानूस हाये, थोडा तिखट असनारच. मायचं काय, माय तं डोळ्यात पानी आलं तरी डोळे मिटते."

तेवढ्यात भाविकाचा फोन वाजला.

तिने झटकन नाक पुसलं, केस कानामागे घेतले, ओढणी सारखी केली आणि फोन समोर धरला. हे सगळं इतक्या सवयीने झालं की रत्ना बघतच राहिली.

"हो, घरीच आहे," भाविका फोनमधल्या चेहऱ्याला म्हणाली. "नाही, रडले नाही, सर्दी झाली. हो, सगळे आहेत. थांबा ना, दाखवते."

आणि तिने फोन खोलीभर फिरवला. आधी दिवाणावर. अक्काने जावई म्हणून घाईघाईने पदर डोक्यावर घेतला. मग नवलवर. नवल ओशाळून हसला, हात जोडू की नको अशा विचारात राहिला. मग फोन रत्नासमोर आला. छोट्या चौकटीत प्रेमराजचा देखणा चेहरा होता. "नमस्कार आई," तो म्हणाला. त्याची नजर मात्र तिच्या खांद्यावरून मागे गेली होती, दारामागे, कोपऱ्यात, आणखी कोणी आहे का ते पाहत. इतके दिवस रत्ना त्याला चौकटीत पाहत होती. आता घर त्याच्या चौकटीत होतं.

भाविकाने दारामागचंही दाखवलं, न सांगता. मग "हो, ठेवते" म्हणाली आणि फोन ठेवला.

नवलने खाली पडलेली शेंग उचलली, ती हातातच राहिली.

"रोज दाखवावं लागतं असं?" त्याने विचारलं.

"त्यांना काळजी वाटते, पप्पा."

"दुकानात पण?"

"दुकानात गिऱ्हाईक असलं तर नंतर दाखवते." बोलता बोलता ती थांबली. आपलंच वाक्य दुसऱ्या कोणी म्हटलेलं ऐकावं, तसा तिचा चेहरा झाला.

"आणि नाही दाखवलं तर?" रत्नाने विचारलं.

"मग ते बोलत नाहीत. आणि नंतर खूप बोलतात."

अक्काने पदर डोक्यावरून खाली घेतला. फोन बंद होता तरी तिने आधी तिकडे पाहून घेतलं.

"भाविका, तुला करायचंय का हे लग्न?" रत्ना म्हणाली.

भाविका आईजवळ आली नाही, रडलीही नाही. दाराशेजारच्या टेबलावर फोन पालथा घालून ती त्याच्याकडेच पाहत म्हणाली, "मोडलं तर ते इथे येतील, मम्मी."

रत्नाला वाटलं, इतके दिवस पडद्याच्या कडेला अर्धी दिसणारी घाबरलेली बाई आता आपल्या स्वयंपाकघराच्या दारात पूर्ण उभी आहे, बावीस-तेवीस वर्षांची. आपण घाबरलो म्हणून हे खोटं होत नाही, एवढं तिला समजलं. आणि खरं आहे म्हणून भीती जात नाही, तेही.

बाहेर ओट्यापाशी मोटरसायकल येऊन थांबली. भाविकाचा खांदा वर गेला. रत्नाने तो पाहिला, आणि या वेळी नवलनेही पाहिला.

"नवलभाऊ, आहात का घरात?" बाहेरून तोतारामचा आवाज आला. "पेढे काढा, तारीख आणली."

नवल उठला नाही. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने पदराखालचा रिमोट काढला, टीव्ही बंद केला आणि रिमोट त्याच्या हातात दिला.

"हे लग्न होणार नाही," ती म्हणाली. "तोताराम भाऊंना आधी चहा देते, मग मीच सांगते. अक्का, शेंगा उचला, पाहुण्याला बसायला जागा करा. भाविका, तो फोन बंद करून कपाटात टाक."