पुतळाबाईंच्या हातातलं तबक

मनोजशेटनी मला बंगल्यावर बोलावलं, तेव्हा त्यांच्या हातात कॅलेंडरचं एक पान होतं. अडीचशे वर्षांपूर्वीच्या चित्राची छपाई. दागिन्यांनी मढलेली बाई, हातात विड्यांचं तबक.

"आयेला समोर बसवा नि अशीच तसबीर काडा, पेंटर. सरदाराची बायको वाटली पायजे."

सरदाराची बायको! जुन्या चित्रांच्या नकला करण्यात माझी अर्धी हयात गेली. घरंदाज बाई तेव्हा परक्या चिताऱ्यापुढे बसत नसे. मालकीण असती तर लोडाला टेकली असती. ही गालिच्याच्या कडेला, गुडघे मुडपून, चित्रात नसलेल्या कुणाकडे तरी वर बघत होती. नाचगाण्यासाठी ठेवलेली बाई ती. पण राहनाळची जमीन गोदामांना देऊन शेट झालेल्या माणसाला हे सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा मीच कशाला बांधू? हो म्हटलं.

शेटच्या आई पुतळाबाई बासष्ट वर्षांच्या. उभा जन्म राहनाळच्या बांधावर गेलेला. भात लावायचं, कापायचं, भाजीची पाटी घेऊन भिवंडीच्या बाजारात बसायचं आणि गिऱ्हाइकाशी कचाकचा भांडायचं. दोन हजार पाच साली मुलानं बंगल्यात आणलं आणि पाटी बंद केली. शेटची आई भाजी विकते म्हणजे इभ्रतीला बट्टा. तरी रोज सकाळी त्या फाटकापर्यंत जायच्याच. वॉचमन म्हणायचा, "माँजी, साहब ने मना किया है." मग परत येऊन, दागिने घालून माझ्यापुढे तबक धरून बसायच्या. मला त्यांची दया यायची, रागही यायचा. अख्ख्या बाजाराला पुरून उरलेली बाई पोटच्या पोरापुढे मुकी!

पाचव्या दिवशी त्यांनी त्या पानाकडे बोट केलं. "ही बाय कोन रं?"

मला खोटं बोलवेना. "काकी, बायको नाही ती. सरदारानं ठेवलेली. त्याच्यापुढे नाचायची, विडे द्यायची. त्याच्या हुकमाशिवाय हवेलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. अंगावरचं सोनंसुद्धा त्याचंच." मी कुंचला खाली ठेवला. "चुकलं माझं, आधीच सांगायला हवं होतं. आता शेटना सांगतो. तुम्हांला दुसऱ्या बैठकीत काढू, लोडाला टेकून."

त्यांनी चित्रातल्या बाईच्या गळ्यावर बोट ठेवलं. मग स्वतःच्या गळ्यातला हार चिमटीत धरून म्हणाल्या, "ह्यो रोज सांजंला मनोजच्या कपाटात जातो. चावी त्याच्याकडंच."

त्यांनी तबक पुन्हा उचललं.

"त्याला काय बोलू नको. बराबर चित्र आनलंय त्यानं. अशीच काड मना."