पाण्यातलं वजन

काटेबाई माणसांची हाडं तोलतात, नवरा गेल्यावर त्याचीही तोलली म्हणे, ही आवई आमच्या गल्लीत उठली ती इस्त्रीवाल्याच्या दुकानातून. त्याचाही फार दोष नाही. कपडे देताना बाईच सहज बोलून गेल्या होत्या की आज हाडं काही भरली नाहीत. इस्त्री जागच्या जागी थबकली आणि कुणाच्या तरी शर्टाची बाही गेली.

हाडं होती पोवळ्यांची. बाई समुद्राकाठच्या संशोधन केंद्रात पोवळ्यांच्या टाक्या सांभाळायच्या. आणि काटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वजनकाट्यापाशी उभं राहून पडलेलं नाव, पण पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारतो.

पोवळं म्हणजे जिवंत प्राणी. वर मऊ मांस, खाली त्यानेच बांधलेला चुन्याचा सांगाडा. त्याचं वजन करायचं ते पाण्यात, दोऱ्याने टांगून. पाण्यात मांसाचा भार जवळजवळ नाहीसा होतो, काट्यावर उतरतं ते नुसतं हाड. टाक्या दोन. एकीत साधं समुद्राचं पाणी, दुसरीत नळीने कार्बन डायऑक्साइड सोडलेला. हवेतला धूर पोटात घेऊन समुद्र पुढे जसा होईल, तसं पाणी. बाई तिला आंबट टाकी म्हणायच्या. त्या पाण्यात चुना जमवणं जिवावर येतं. पोवळं जगतं, रंगही राखतं, पण हाड वाढता वाढत नाही आणि आतून विरळ होतं.

नवरा गेला, चार दिवसांनी बाई कामावर हजर. रडल्या नाहीत. चहाचा कप हातात धरून बसायच्या आणि गार झाला की पिऊन टाकायच्या. दाराशी त्याच्या चपला होत्या. केर काढताना उचलायच्या, केर काढून झाला की पुन्हा तिथेच ठेवायच्या. भाजीत मीठ नसलं तरी कळायचं नाही, डास चावला तरी हात हलायचा नाही.

मग धाकटी बहीण आली. ही इतकी बडबडी की भांडी घासताना भांड्यांशीही वाद घालते. तिच्यामुळे घरात आवाज झाला, आणि कशाचंच काही न वाटणाऱ्या बाईंना एक गोष्ट वाटू लागली. हिने जाऊ नये. पण ते तोंडातून फुटेना.

एक दिवस बहीण केंद्र बघायला गेली. बाईंनी दोन्ही टाक्यांतला एकेक तुकडा पुढे धरला आणि यातला अशक्त कोणता ते विचारलं. बहिणीने साध्या टाकीतल्या फिकटावर बोट ठेवलं. आंबट टाकीतला गुलाबी, छान गुटगुटीत होता ना. बाईंनी दोन्ही टांगले. गुलाबी हलका भरला. तुमचा काटाच बिघडलाय, असं म्हणून बहीण हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी तिने बॅग भरली. ताई जेवते, कामाला जाते, मी उगाच धावत आले, असं गल्लीभर सांगूनही झालं. निघताना ती दारात वळली.

"ताई, तू होतीस तशीच आहेस गं. माझाच जीव उगाच टांगणीला. निघू ना?"

बाईंनी बॅगेचा पट्टा धरला होता, तो सोडला नाही.

"काल त्या गुलाबी तुकड्यालाही तू चांगलाच म्हणालीस. निघायचं तर निघ, पण आधी मला पाण्यात टांगून बघ."