हाक मारण्याचं फ्रेंच

माझ्या बायकोला लकवा मारला तेव्हा नात आमच्याकडे म्हसावदला राहायला आली. नर्सिंग झालेली पोरगी. तिला जिथं नोकरी करायचीय तिथं फ्रेंच बोलतात, म्हणून आजीच्या खाटेजवळ बसून मोबाइलवर ती भाषा घोकायची. तेव्हा 'आपले' हे क्रियापद चाललं होतं. म्हणजे हाक मारणं. 'जापेल', मी हाक मारतो. 'त्यु आपेल', तू मारतोस. 'नुझापलों', आम्ही मारतो. मी चौथी शिकलेला, पण ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. लिहिताना मी-तू-तो यांना दोन ल लागतात, आम्ही-तुम्हीला एकच. मी म्हणालो, आमच्याकडं मोठ्या माणसाला जास्त लागतं. मूळ शब्द लॅटिन म्हणे, कुणाला उद्देशून बोलणं असा. फोन करायलाही तिकडं हाच शब्द आणि स्वतःचं नाव सांगायलाही: मी मला अमुक हाक मारतो. स्वतःला कोण हाक मारतं, म्हणून मी हसलो.

बायको डोळे उघडत नव्हती, ओठ घट्ट मिटलेले. डॉक्टर म्हणाले होते, तिला ऐकू येतंय, बोलत राहा. तोंडानं काही घेतलं नाही तर नळी घालावी लागेल. मुलं 'माय' म्हणून थकली, नात 'आजी' म्हणून. मी 'आयकस का' म्हणायचो. सगळा संसार तेवढ्या हाकेवर झाला.

नात म्हणाली, "बाबा, तुम्ही तिले नाव लिसन हाका मारा."

"जलमभर लिधं नई, आते लेऊ?"

मी ओट्यावर जाऊन बसलो. बायकोचं नाव घेणं आमच्यात शोभत नाही, आणि मला ते आजही पटत नाही. लग्नात तिचं नाव बदललं, ते रेशनकार्डापुरतं राहिलं. माहेरचं नाव फक्त तिचा बाप घ्यायचा. प्रकाशा गावी सासरवाडीला गेलो की म्हातारा शेतातून येताना दारातूनच मोठ्यानं ते नाव घेऊन ओरडायचा, ते मी ऐकलेलं.

ओट्यावर बसवेना. आत गेलो, नातीला पेज गरम करायला पाठवलं आणि बायकोच्या कानाशी ते नाव घेतलं. काही नाही. मग जरा दरडावूनच घेतलं.

तिनं डोळे उघडले. जीभ जड, पण शब्द कळले.

"आबा, लेवाले वनात?"

आबा म्हणजे तिचा बाप, जाऊन जमाना झालेला. न्यायला आलात का, असं विचारत होती. मी तुना नवरा शे, असं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात नातीनं पेजेची वाटी माझ्या हातात दिली.

"हा, वनू," मी म्हणालो. "पेज पी, मंग निंघू."

ती प्यायली.