बिनसुनेच्या सासूबाई

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना जेवढ्या सुनांचे शिव्याशाप लागले, तेवढे अख्ख्या महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या सासूला लागले नसतील. आणि गंमत म्हणजे बाईंना सूनच नव्हती. सुनेसाठी मुलगा लागतो, मुलासाठी नवरा लागतो आणि नवरा करायला बाईंना आयुष्यात सवड मिळाली नव्हती. पण नव्वदीच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत आठवड्यातून एकदा संध्याकाळी टीव्हीवर जी मराठी मालिका लागायची, तिच्यात त्या सुनेला छळणाऱ्या सासूचं काम करत. ते इतकं झकास करत, की वाशीच्या आमच्या सेक्टरात त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला माहीत होतं. बाकी सगळ्यांच्या तोंडी ‘सासूबाई’. सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा सेक्रेटरी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, “सासूबाईंच्या बाथरूमचं लीकेज पुढच्या महिन्यात घेऊ.”

त्यांची डावी भुवई हे एक स्वतंत्र प्रकरण होतं. ती वर गेली की मालिकेतली सून रडायची, जाहिराती लागायच्या आणि आमची मिसेस गॅस बंद करून बाहेर यायची. प्रत्यक्षात बाई मवाळ. मांजराला घालून उरलेलं दूध चहात ओतणाऱ्या. पण लोकांना कोण सांगणार? वाशीगावातून मासळी घेऊन येणारी आगरी मावशी त्यांना पापलेट विकायलाच तयार नव्हती. टोपली फडक्यानं झाकून म्हणाली, “तुला नाय देनार. सुनला उपाशी ठेवतंस, नि तू पापलेट खातंस काय गो?” बाईंनी परोपरीनं समजावलं, की ते नाटक आहे. मावशी म्हणाली, “नाटक हाय तर एवरा राग कशाला करतंस?” बाई रिकामी पिशवी घेऊन जिना चढल्या. बरेच दिवस आमच्या घरात मासळी जास्तीची घेतली जायची आणि अंधार पडल्यावर डब्यातून वर जायची.

दुसऱ्या कुणी या प्रसिद्धीला कंटाळून दार लावून घेतलं असतं. बाईंनी तिचा उपयोग करायचं ठरवलं. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत चारही बाजूंच्या खिडक्यांतून कचरा पडायचा. तक्रारी झाल्या, पाट्या लागल्या, उपयोग शून्य. एका रविवारी सकाळी बाई मालिकेतल्या पूर्ण वेषात, नऊवारी, नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून, त्या कचऱ्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तिसऱ्या मजल्यावरून एक पिशवी खाली यायला निघाली होती, ती हवेतूनच परत गेल्यासारखी वाटली. बाईंनी वर पाहिलं, भुवई चढवली आणि तो सुप्रसिद्ध आवाज लावला, “हे वळण माहेरचं का सासरचं?” तासाभरात माणसं फावडी घेऊन खाली. मी स्वतः लुंगीवर उतरलो होतो. मात्र बाईंनी एकही पिशवी उचलली नाही. मला म्हणाल्या, “भाऊ, मी उचलली असती, तर तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि परत कचरा टाकला असता. मी मदतबिदत करत नाही. मी माणसं कामाला लावते.”

समारंभांना बोलावणी यायची तेव्हाही हाच खाक्या. शाल आणि नारळ घेऊन मंडळाची पोरं दारात आली, की बाई विचारत, “फीत कापायला येईन, पण कापून पुढं काय?” पोरं एकमेकांकडं बघत. मग बाई त्यांनाच रक्तदान शिबिर घ्यायला लावत आणि पहिल्या खाटेवर अध्यक्षालाच आडवं करत. सुई पाहून अध्यक्ष पांढरा पडला, तेव्हा त्याच्या उशाशी बसून भाषण ठोकणाऱ्या प्रमुख पाहुण्या मी तरी दुसऱ्या पाहिल्या नाहीत.

पण खरी गोष्ट घडली ती घाऊक मार्केटात. किरकोळ भाजी घेणं बाईंना कमीपणाचं वाटे. शूटिंग नसलं की त्या पहाटे थेट मार्केटात जाऊन कांद्याची गोण आणायच्या, आणि एकटीला एवढा कांदा संपत नाही म्हणून बिल्डिंगभर वाटायच्या. तिथं कांदा निवडणाऱ्या बायका बसत. बहुतेक सातारा भागातल्या, नवरे हमालीला आणि त्या निवडायला. तान्ही पोरं गोण्यांच्या थप्पीआड झोळीत, आणि रांगती पोरं ट्रकांच्या चाकांमधून मोकळी. एक दिवस एक ट्रक मागं येत होता आणि त्याच्या मागच्या चाकाकडं एक पोरगी कांदा पकडायला रांगत निघाली होती. बायका ओरडल्या; पण त्या कल्लोळात ड्रायव्हरला काय ऐकू येणार? तेवढ्यात बाई ओरडल्या. मालिकेतला आवाज, पण पोटातून. “थांऽऽब! एक पाऊल पुढं टाकशील तर या घराशी गाठ आहे!” ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. का, ते त्यालाच सांगता आलं नाही. म्हणाला, “आमच्या घरी बी टीव्हीवर दर आठवड्याला हा आवाज येतो, म्हणून पाय आपोआप ब्रेकवर पडला.” पोरीची आई धावत आली. तिनं पोर उराशी धरलं आणि बाईंच्या पायाशी बसकण मारली. घरी आल्यावर आमच्याकडं चहा घेताना बाई म्हणाल्या, “आज मी नेमकी तिथं होते. उद्या?”

उद्यापासून त्यांनी पाळणाघराचा ध्यास घेतला. कांद्याचे एक बडे शेठ होते, त्यांच्या गाळ्याच्या मागं एक खोली रिकाम्या बारदानानं भरलेली. बाई सरळ त्यांच्या गादीवर जाऊन बसल्या. शेठ गडबडले, खूश झाले आणि म्हणाले, “खोली देतो बाई, पण एकदा घरी या. आमची आई तुमची लई मोठी भक्त हाय.”

बाईंनी सोबत म्हणून मला नेलं, त्यामुळं ती भेट मी डोळ्यांनी पाहिली. शेठच्या मातोश्री म्हणजे अशा, की त्यांच्यापुढं मालिकेतली सासू सोज्वळ वाटावी. सून चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हा कप आधी थरथरले आणि मग ती आत आली. मातोश्रींनी बाईंचे दोन्ही हात धरले. “तुमी करताय त्ये अगदी बराबर हाय! सुनंला अशीच धाकात ठिवली पायजे. मी समदं तुमचंच बघून करते.” बाईंचा चेहरा उतरला. त्यांचं काम इतक्या खोलवर पोचलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. मग सावरून, अगदी बरोबरीच्या नात्यानं म्हणाल्या, “विहीणबाई, एवढा खणखणीत आवाज, आणि तो एका सुनेवर वाया घालवताय? शोभतं का तुम्हाला? उद्यापासून माझ्याबरोबर मार्केटात या. तिथं चाळीस पोरं आहेत, हमाल आहेत, ड्रायव्हर आहेत. धाक घालायला माणूस कमी पडतंय.”

मातोश्री आल्या. पहिल्या दिवशी शेठच्या गाडीतून, तोंडाला पदर लावून, दुसऱ्या आठवड्यात रिक्षानं, पुढं चालत. त्यांनी बारदानं हलवली, भिंतीला चुना मारून घेतला, येणाऱ्याजाणाऱ्या हमालाला झोळ्यांसाठी हूक ठोकायला लावले. निवडणाऱ्या बायकांनी पाळ्या लावून घेतल्या. एकीनं पोरं सांभाळायची, तिच्या वाटचा कांदा बाकीच्यांनी निवडायचा. पोरांवर मातोश्री खेकसत आणि पोरं त्यांच्या अंगावर चढत. एक दिवस त्यांची सूनही डबा घेऊन आली. “आत्याबाई घरात नसल्या की करमत नाही,” असं ती हळूच म्हणाली. आमच्या मिसेसचा त्यावर अजून विश्वास नाही, पण मी ऐकलंय.

मग एका पेपरात फोटो छापून आला. बाईंच्या मांडीवर शेंबडं पोर आणि बाई खदखदा हसताहेत. मालिकेच्या निर्मात्यानं त्यांना बोलावून घेतलं. “बाई, हे बंद करा. लोकांना तुम्ही आवडायला लागलात तर माझी मालिका आपटेल.” बाईंनी विचारलं, “नाही बंद केलं तर?” तो म्हणाला, “मग तुम्हाला मारावं लागेल.” बाई म्हणाल्या, “मारा. फक्त चांगलं मारा.”

त्यांना जिन्यावरून पाडलं. तो भाग आम्ही बाईंसोबतच आमच्या घरी पाहिला. मिसेस हमसून हमसून रडत होती आणि मेलेल्या सासूबाई तिला पाणी देत होत्या. दुसऱ्या दिवशी मार्केटातल्या बायका कामाला हात लावेनात. बाई पाळणाघराच्या दारात दिसल्या तेव्हा त्यांच्याभोवती गराडा पडला. “काल तुमी गेलासा, आमच्या घशाखाली घास उतारला न्हाई,” असं म्हणत एकीनं त्यांचा दंड चाचपून पाहिला. बाई हसल्या खऱ्या. संध्याकाळी आमच्या बिल्डिंगचा जिना चढताना मात्र मला म्हणाल्या, “भाऊ, गंमत संपली. आता टीव्हीवर मी नाही. वर्षभरानं माझ्या भुवईला कोण घाबरणार?”

वर्षही लागलं नाही. पुढच्या हंगामात कांदा भरमसाट आला आणि शेठना खोली हवीशी झाली. निरोप आला तशा बाई उठल्या. पेटीतली नऊवारी काढली, नथ घातली, आरशात भुवई चढवून पाहिली. तेव्हा वाशीत घरोघरी केबल आली होती आणि लोकांच्या नजरेत नवीन चेहरे बसले होते, हे त्यांनाही कळत होतं. आम्ही दोघं मार्केटात रिक्षातून उतरलो तेव्हा गाळ्यासमोर गोण्यांनी भरलेली हातगाडी उभी होती आणि खोलीच्या उंबऱ्यावर मातोश्री मांडी ठोकून बसल्या होत्या. मागं त्यांची सून, आणि तिच्यामागं निवडणाऱ्या साऱ्या बायका. शेठ घाम पुसत होते. “आई, चार म्हैन्याचा प्रश्न हाय गं.” मातोश्री म्हणाल्या, “मग चार म्हैने तुझ्या गादीवर ठेव कांदा, आन् तू उभा ऱ्हा.” सून म्हणाली, “आधी पोरांना जागा, मग कांद्याला.” सासू-सुनेचा एक आवाज ऐकून शेठनी हात टेकले. हातगाडी वळली.

बाई गर्दीच्या पार मागं उभ्या होत्या. त्यांना तोंड उघडावंच लागलं नाही. कुणी वळून बघितलंही नाही. तेवढ्यात नुकतीच गावाकडनं आलेली एक कोवळी आई घाईघाईनं पुढं जायला निघाली. तिनं कडेवरचं पोर बाईंच्या हातात दिलं. “मावशी, वाईच धरा की. आत आमच्या बायका बसल्यात, मला बी बसायचंय.” आणि ती गर्दीत शिरली.

बाई त्या पोराला घेऊन कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. पोर नथीशी खेळत होतं. मी म्हटलं, “पुढं चला ना, तुम्हाला बघून त्यांना आनंद होईल.” त्यांनी मान हलवली. डोळे भरून आले होते; ते कशानं, हे मी विचारलं नाही. एवढंच हळू आवाजात म्हणाल्या, “बघितलंत ना भाऊ? तिनं मला ओळखलंच नाही.”

आणि त्यांनी पोराचं नाक पदरानं अलगद पुसलं.