परक्या खिडकीपाशी

शैलाताईंनी उभी हयात पिंपरीच्या वस्तीत अंगणवाडी चालवली. गल्लीत कुणाचंही पोर अनवाणी रडताना दिसलं, की आधी कडेवर घ्यायचं, नाक पुसायचं, चार घास भरवायचे आणि मग सावकाश त्याच्या आईला हाक मारायची, हा त्यांचा शिरस्ता. आयाही निर्धास्त असायच्या. ताईंकडे आहे ना, मग झालं.

नवरा भीमसेन अचानक गेले. पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि एकुलता एक मुलगा लोकेश आईला तीन महिन्यांच्या व्हिसावर नेदरलँड्समध्ये, डीमनला आपल्या घरी घेऊन आला. सगळ्यांना वाटलं, जागा बदलली की मन रमेल. नवरा गेल्यावर त्या रडल्या नव्हत्या, याची लोकेशला जास्त धास्ती होती.

फ्लॅट चौथ्या मजल्यावर. सगळ्या घरांपुढून एकच लांब गॅलरी जायची आणि प्रत्येकाचं स्वयंपाकघर त्या गॅलरीकडे तोंड करून. खिडक्यांना पडदे नाहीत. लोकेश आणि सून मैत्री ऑफिसला गेले की दिवस खायला उठायचा. मैत्रीने त्यांना हिंदीत डब केलेली एक कोरियन मालिका लावून दिली होती. नव्या इमारतीत राहायला आलेली एकटी मुलगी आणि तिचे नको तितके गोड शेजारी. कारण नसताना दार वाजवणारे, काहीबाही खायला आणणारे, हसत हसत आत डोकावणारे. शैलाताई जीव मुठीत धरून बघायच्या आणि संध्याकाळी मैत्रीला विचारायच्या, माणसं अशी असतात का गं?

शेजारच्या घरात मार्लूस नावाची तरुण बाई आणि तिची तीनेक वर्षांची मुलगी, फेना, दोघीच राहायच्या. शैलाताई येता-जाता खिडकीपाशी थांबायच्या, फेनाला वाकुल्या दाखवायच्या. पोरगी खिदळायची. एकदा त्यांनी रव्याचे लाडू नेऊन दिले. मार्लूसने डबा घेतला, पण दार अर्धवटच उघडलं. दुसऱ्या दिवशी डबा धुऊन बाहेर ठेवलेला. बेल नाही, काही नाही. लाजरी आहे, असं त्यांना वाटलं. पुढच्या आठवड्यात खिडकीला पडदा लागला. ऊन येत असेल. नोव्हेंबरात कसलं ऊन, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

एका दुपारी फेना मोज्यांवरच गॅलरीत उभी दिसली. दार सताड उघडं, वारा बोचरा. शैलाताईंनी दोन हाका मारल्या, आतून उत्तर नाही. पोरीचे पाय गार पडले होते. त्यांनी तिला कडेवर घेतलं, घरी आणलं, शालीत गुंडाळलं आणि वरणभात कालवला.

मार्लूस अंघोळ करून बाहेर आली तेव्हा मूल घरात नव्हतं. ती जिन्यापर्यंत धावली, खाली डोकावली, ओरडली. कुणीतरी पोलिसांना फोन केला. फेना सापडली ती शैलाताईंच्या मांडीवर, तोंडाला वरण लागलेली. मार्लूसने तिला हिसकावून घेतलं. शैलाताई हसून "खाल्लं, खाल्लं" एवढंच म्हणत राहिल्या.

लोकेश धावतपळत घरी आला. पोलीस शांतपणे बोलले, सगळं लिहून घेऊन गेले. मार्लूस रडत काहीतरी सांगत होती. लोकेशने आईला इतकंच सांगितलं, की ती जरा घाबरली होती.

"खरं सांग. काय म्हणाली ती?"

लोकेशने जमिनीकडे बघितलं. "ती तुला घाबरते, आई. पहिल्या दिवसापासून."

"मला?"



दुसऱ्या दिवशी त्यांनी सवयीने मालिका लावली. पडद्यावर एक वयस्क बाई हातात डबा घेऊन, हसत, बंद दारापुढे उभी होती. दाराआड ती मुलगी तोंडावर हात दाबून बसलेली. शैलाताईंनी टीव्ही बंद केला.

संध्याकाळी मैत्रीला बरोबर घेऊन त्या माफी मागायला गेल्या. मार्लूसने साखळी न काढताच दार उघडलं. ती वाईट बोलली नाही. तुमच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला कळतं, म्हणाली; पण फेनाला मी अजून नजरेआड होऊ देत नाही. तुम्ही पुन्हा येऊ नका. मैत्रीने जसंच्या तसं सांगितलं. शैलाताईंनी हात जोडले आणि मागे फिरल्या.

स्वयंपाकघरात येऊन त्या खुर्चीवर बसल्या. मैत्रीने चहा ठेवला.

"हे असते ना, तर हसले असते," त्या म्हणाल्या. "म्हणाले असते, तुला कोण घाबरतंय गं शैले."

आणि मग रडू फुटलं. इतके दिवस साठलेलं सगळं. मैत्रीने गॅस बंद केला, त्यांच्या पायाशी बसली. लोकेश आला तरी रडणं थांबलं नव्हतं.

त्यानंतर त्या गॅलरीत एकट्या गेल्या नाहीत. मागच्या खोलीत बसायच्या, तिथून फक्त पाणी आणि बदकं दिसायची. लोकेशने परोपरीने विनवलं, पण तिकीट त्यांनी अलीकडचं करायला लावलं.

लोकेश दर रविवारी पिंपरीला फोन करतो. पुन्हा ये म्हणतो. बघू, म्हणतात त्या, आणि तिकडे थंडी किती आहे ते विचारतात.